एकसष्ट नंबर, एकतीस मार्क

"फक्त शून्यापासून नवापर्यंत आकडे लिहायचे," खानझोडे सर म्हणाले. "नाव नको, गाव नको. आकडे लिहा आणि जागेवर जाऊन बसा."

बी.एस्सी. पहिल्या वर्षाचा तो कॅलक्युलसचा पहिला तास. चौसष्ट मुलंमुली प्रवेशाच्या क्रमानं एकामागून एक फळ्याशी येत होती, खडूनं दहा आकडे लिहीत होती आणि परत जात होती. सर खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर निळ्या पुठ्ठ्याची वही. ते मुलाच्या तोंडाकडे बघतच नव्हते, फक्त त्याच्या हाताकडे. मग वहीत काहीतरी लिहायचे, मान हलवायचे आणि पुढचा यायचा. वर्गात खडूच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नव्हता. एवढी पोरं एका खोलीत कोंबल्यावर इतकी शांतता मी आजवर ऐकली नव्हती.

मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. सव्वीस वर्षांची, नवीकोरी, तासिका तत्त्वावर नेमलेली. कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यातलं ते तालुक्याचं गाव, त्यातलं एकुलतं एक सायन्स कॉलेज आणि त्या कॉलेजात गणित म्हणजे खानझोडे सर. त्यांची नजर अधू होत चालली होती, म्हणून प्राचार्यांनी मला सांगितलं होतं, "ढवस मॅडम, सरांसोबत राहा. शिकायला मिळेल."

तास संपल्यावर मी विचारलं, "सर, हे आकडे कशासाठी?"

"अपेक्षा ठरवायला." सर वहीला रबर लावत होते. "कोणाकडून किती अपेक्षा ठेवायची ते आधीच ठरलेलं बरं असते, मॅडम. मग वर्षभर कोणाला त्रास नाही. ना त्यांना, ना आपल्याला."

"आकडे काढण्यावरून?"

"आठ काढताना ज्याचा हात मधात थांबते, त्याला लिमिट नाही समजत. अठ्ठावीस वर्षं पाहून राहिलो मी."

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, म्हातारा भलताच सुटलाय. नुकताच एम.एस्सी.ला पहिला वर्ग मिळवलेल्या माझ्यासारखीला इतपत मस्ती असायचीच.

तीन दिवसांनी हजेरीची यादी लागली. ती नावांच्या क्रमानं नव्हती. पहिला वानखेडे, दुसरी एक झाडे, आणि अतकरे चाळिसावा. ऑफिसातले क्लार्क बोंडे यांना मी विचारलं, तर त्यांनी गावातल्या जुन्या गोष्टी सांगतात तशा आवाजात सांगितलं की सर यादी आपल्या अंदाजानं लावतात. पहिला म्हणजे पहिला आणि शेवटचा म्हणजे शेवटचा. शिवाय प्रत्येकाला प्रिलिममध्ये किती मार्क पडतील तो आकडा पाकिटात घालून, लाख लावून, प्राचार्यांच्या कपाटात ठेवतात. प्रिलिमचे पेपर तपासून झाले की स्टाफरूममध्ये पाकीट फोडायचं.

"आणि जुळतात?"

"जुळतेत म्हणजे? दोन-तीन मार्क इकडं-तिकडं. तुम्ही पाहालच ना."

दिवाळीपर्यंत वर्गातली पोरं एकमेकांना नंबरानंच हाका मारायला लागली. "ए अठरा, वही दे." "बावन्न आज आला नाही." पहिल्या दहांतले पुढच्या बाकांवर बसत, साठाच्या पुढचे खिडकीशी, मागे. कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. पहिल्या नंबरचा वानखेडे तासाला जांभया द्यायचा, तरी त्याची वही सगळे मागून न्यायचे. मी हे सारं पाहत होते आणि मला ते फार तर गमतीचं वाटत होतं. हजेरी घेताना मीही हळूहळू नावं सोडून दिली. नंबर पटकन होतात.

पौर्णिमा कुमरे एकसष्ट नंबर होती. जंगलाकडच्या एका बारा-पंधरा घरांच्या पाड्यावरची, घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. आदिवासी मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहायची. ऑक्टोबरात एकदा तास संपल्यावर सगळे गेले तरी ती दाराशी घुटमळत होती.

"काय गं?"

"मॅडम, लिमिटमधी एक्स त्या आकड्यापाशी जाते, जाते, पण पोचतच नाही ना जी? मंग न पोचता उत्तर बरोबर काहून म्हणाचं?"

मी खडू खाली ठेवला. वर्षभरात त्या वर्गातून मला आलेला तो सगळ्यात चांगला प्रश्न होता. आम्ही अर्धा तास बोललो. तिला समजलं, आणि समजल्यावर तिनं मला आणखी एक शंका विचारली, जिचं उत्तर मला घरी जाऊन शोधावं लागलं.

"वर्गात का नाही विचारलंस?"

"एकसष्टनं इचारलं त हासतेत जी."

त्याच दिवशी तिच्याकडून कळलं की वसतिगृहाचा नियम कडक होता. कॉलेज एखादा विषय राहिला तरी पुढच्या वर्षाला बसू देई, पण वसतिगृहाला एकही विषय राहिलेला चालत नसे. जागा गेली की गावात खोली घेऊन राहायची तिची ऐपत नव्हती. म्हणजे नापास झाली की पाडा, आणि पाड्यावर मामानं एक स्थळ बघूनच ठेवलं होतं. हे सगळं तिनं हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तसं सांगितलं. बाकी विषयांची तिला काळजी नव्हती. कॅलक्युलसचं तेवढं बघायचं होतं.

जानेवारीत सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. फेब्रुवारीत प्रिलिम. शंभर मार्कांचा पेपर, पासाला पस्तीस, आणि सरांचा जुना शिरस्ता असा की पस्तिसाच्या खाली गेला त्याच्या हॉल तिकिटावर विभागप्रमुख म्हणून त्यांची सही नाही. म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षेला बसायचंच नाही. या वेळी गठ्ठा माझ्याकडे आला. सरांच्या पाकिटात काय आहे याची मला सुतराम कल्पना नव्हती. मी चार दिवस दार लावून घेतलं, नमुना उत्तरं पाठ होईपर्यंत वाचली आणि तपासले. एकसष्टच्या पेपराची बेरीज एकतीस आली. मला वाईट वाटलं. दोनदा बेरीज केली, पुन्हा एकतीसच. मग लिहिली.

पाकीट फोडायच्या दिवशी स्टाफरूममध्ये आलूबोंडे मागवले होते. प्राचार्य आले, सर काळा चष्मा लावून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. बोंडेंनी लाख फोडली. ठरलं असं की मी माझा आकडा वाचायचा आणि मागोमाग बोंडेंनी सरांचा.

"एक," मी वाचलं. "त्र्याण्णव."

"त्र्याण्णव," बोंडे म्हणाले.

"दोन. एक्याण्णव."

"एक्याण्णव."

पहिल्या पाच-सहा आकड्यांना सगळे हसत होते, वा वा म्हणत होते. दहाच्या पुढे गेल्यावर खोली गप्प झाली. माझा आवाज आणि पाठोपाठ बोंडेंचा आवाज, तोच आकडा, त्याच चालीत. वीस. तीस. कुठे एखाद्या मार्काचा फरक पडला की मला सुटल्यासारखं व्हायचं, पण पुढचा आकडा परत तोच यायचा. पन्नाशीला आल्यावर मी वाचणं मुद्दाम लांबवलं, तेव्हा बोंडेंनी माझ्या आधीच आकडा उच्चारला आणि तो माझ्या कागदावर होता. 

"एकसष्ट."

"एकतीस," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

चौसष्टपैकी एकोणसाठ आकडे जसेच्या तसे. उरलेल्या पाचांत एकेका मार्काचा फरक. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्य मला म्हणाले, "मॅडम, तुमचा हात अगदी सरांच्या वळणावर गेला." सरांचा चेहरा काळ्या चष्म्यामागे होता, त्यामुळे ते कुणाकडे बघत होते ते कळत नव्हतं. मी आलूबोंडा कागदावर तसाच ठेवून दिला.

मी गठ्ठा पुन्हा खोलीवर नेला. दुपारचे दोन-अडीच झाले असतील, बाहेर रणरणतं ऊन होतं. मी एकसष्टचा पेपर काढला, शेजारी नमुना उत्तर ठेवलं आणि ओळ न् ओळ बोट ठेवून वाचायला लागले.

दुसऱ्या प्रश्नात तिनं एक पायरी गाळली होती, उत्तर बरोबर होतं. मी आठपैकी दोन दिले होते. मला काहीतरी आठवलं म्हणून चार नंबरचा पेपर काढला. त्यानंही तीच पायरी गाळली होती. तिथे मी आठपैकी आठ देऊन शेजारी 'छान' असं लिहिलं होतं. मी पुढे गेले. तिसऱ्या प्रश्नात एका बरोबर ओळीवर लाल फुली. पाचव्यात संपूर्ण बरोबर उत्तर, आणि त्याच्यावर तिरकी रेघ, शून्य. शाई माझी होती. फुली मारायची पद्धत माझी होती, उजवीकडची रेघ जरा लांब. पण ती मारल्याचं मला आठवत नव्हतं. जो पेपर मी दोनदा बेरीज करून बाजूला ठेवला होता, तो मी जणू वाचलेलाच नव्हता.

नीट तपासल्यावर तिचे अठ्ठावन्न झाले. वानखेडेचे त्र्याण्णव उतरून ऐंशीवर आले. बाराव्या पेपराशी मी थांबले. मला लाज वाटत होती आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटत होती, कारण खोलीत मी एकटी होते आणि ते पेपर माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी तपासलेले नव्हते.

संध्याकाळी सरांच्या घरी गेले. ते ओसरीत बाजेवर बसले होते. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, रागावतील. त्यांनी बायकोला चहा टाकायला सांगितला.

"मीही एकदा सगळ्या पेपरांचे कोपरे दुमडून तपासले होते," ते म्हणाले. "नंबर दिसू नये म्हणून. सुरुवातीची गोष्ट आहे. तिसरं-चौथं वर्ष असेल माझं."

"मग?"

"मग काय. सगळे सारखेच वाटायले लागले. कोणाला किती द्यायचे तेच समजेना. रात्रभर झोप नाही. सकाळी कोपरे सरळ केले, तर सगळं बरोबर लागलं."

"सर, पण ते बरोबर नव्हतं."

"मी मार्क देत नाही, मॅडम. मी वाचतो. पोरगं फळ्याशी येते तेव्हा त्याला स्वतःलाच ठाऊक असते आपले किती आहेत ते. हातात दिसते."

"पौर्णिमाचे अठ्ठावन्न आहेत. मी गुणपत्रक बदलतेय. तुम्ही तिच्या हॉल तिकिटावर सही करा."

ते हसले. वाईट हसणं नव्हतं ते, एखाद्या लहान मुलानं हट्ट धरल्यावर घरातलं मोठं माणूस हसतं तसं होतं. "आणा. करतो सही. विद्यापीठात तर नंबर झाकूनच तपासतात, परक्या गावचे लोक. तिथं ना तुम्ही, ना मी. पण ती एकतीसच आणते, मॅडम. पाहा तुम्ही."

सही त्यांनी खरंच केली. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, तरी नेमक्या रेघेवर केली.

दुसऱ्या दिवशी मी पौर्णिमाला बोलावून पेपर दाखवला, आधीचा एकतीस खोडून शेजारी अठ्ठावन्न लिहिलेला. माझ्या तपासण्यात चूक झाली होती, हेही सांगितलं. शिक्षकानं विद्यार्थ्यासमोर असं कबूल करायची आमच्याकडे रीत नव्हती, पण मला त्याशिवाय राहवलं नसतं. तिनं अठ्ठावन्नाच्या आकड्याकडे कितीतरी वेळ बघितलं. आनंद झालेला मला तरी दिसला नाही.

"हे माहे नसतीन जी," ती म्हणाली.

"अक्षर तुझंच आहे ना?"

"अक्षर माहंच आहे."

"मग मार्कही तुझेच."

 जाताना तिनं पेपर माझ्या टेबलावर पालथा ठेवला.

पुढचे पाच आठवडे मी तिला रोज तासानंतर शिकवलं. शिकवलं म्हणणंही धाडसाचं होईल, कारण तिला बहुतेक सगळं येत होतं. मी फक्त समोर बसायची आणि ती सोडवायची. सराव पेपरांत साठ, बासष्ट, एकदा तर सदुसष्ट. मी प्रत्येक वेळी म्हणायची, "बघ, तुला येतंय." ती "हाव जी" म्हणायची. एकदा सदुसष्टवाला पेपर हातात घेऊन तिनं मला विचारलं, "मॅडम, एवढे घेतल्यावर दुसऱ्या कोणाचे कमी होत असतीन काय?" मी म्हटलं, वेडी आहेस का, मार्क काय विहिरीतलं पाणी आहे उपसून संपायला. ती हसली. मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली. सरांचं ते 'पाहा तुम्ही' मला मधूनमधून आठवायचं, मग मी आणखी एक सराव पेपर काढायची.

विद्यापीठाची परीक्षा एप्रिलात झाली. केंद्र दुसऱ्या गावी होतं. संध्याकाळी एसटीनं परतल्यावर ती मला भेटली. "कसा गेला?" विचारलं तर म्हणाली, "सोडवलं ते सारं आलं जी." सारं आलं, हे तिचेच शब्द. मी त्या रात्री निश्चिंत झोपले.

जूनच्या मध्यावर निकाल लागला. बोंडेंनी गुणपत्रकांचा गठ्ठा सोडला आणि मला न विचारताच एकसष्टचं वर काढलं. भौतिकशास्त्र बावन्न, रसायनशास्त्र सत्तेचाळीस. कॅलक्युलस एकतीस.

स्टाफरूममध्ये बातमी पोचायला पाच मिनिटंही लागली नाहीत.  सर खुर्चीत बसून दोन बोटांनी चष्मा पुसत होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले, तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "मी खूश नाही बरं का, मॅडम. एखाद्या वर्षी तरी चुकावं असं मलेही वाटते." मला ते खरं वाटलं आणि म्हणूनच जास्त अंगावर आलं.

पण मी तसं सोडणारी नव्हते. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवायची सोय विद्यापीठानं नुकतीच केली होती. पौर्णिमाची सही घेऊन, शुल्क भरून मी अर्ज टाकला. तपासणाऱ्यानं काय घोळ घातलाय ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. त्या परक्या माणसाच्या हातातही कुणाचा आकडा शिरला होता का, हा विचार मी दिवसा करायची आणि मग तो झटकून टाकायची. वसतिगृहाला मी पत्र लिहून महिनाभराची मुदत मागितली. त्यांनी जुलैच्या दहा तारखेपर्यंत दिली.

झेरॉक्स नऊ तारखेला आली. पौर्णिमा वसतिगृहातून आपली पत्र्याची पेटी घेऊनच आली होती. मी म्हटलं, "पेटी कशाला आणलीस? अजून काही ठरलेलं नाही." तिनं पेटी भिंतीशी सरकवली. आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. मी पाकीट फोडलं.

पहिलं पान, दुसरं पान. जेवढं सोडवलं होतं तेवढं सगळं बरोबर, आणि तपासणाऱ्यानं त्याचे पुरेपूर मार्क दिले होते. कुठे अर्धा मार्कही मारलेला नव्हता. कुठल्याही आकड्याचं भूत त्याच्या हातात शिरलेलं नव्हतं. चौथ्या प्रश्नाशी आले तेव्हा पूर्ण पानावर पट्टीनं मारलेल्या दोन तिरक्या रेघा होत्या, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. खोडलेलं उत्तर तपासत नाहीत, तसं ते तपासलेलं नव्हतं. मी रेघांखालचं वाचलं. उत्तर बरोबर होतं. सहावा प्रश्न, तशाच दोन रेघा. बरोबर. सातव्याचा दुसरा भाग, तोही. तीनही उत्तरांचे मिळून एकोणतीस मार्क झाले असते.

तपासणारा लाल शाईनं लिहितो. झेरॉक्सवर रंग कळत नाही, पण तपासणाऱ्याचं पेन जाड होतं आणि या रेघा बारीक होत्या. पानावरच्या बाकी अक्षरांसारख्याच.

"पौर्णिमा, या रेघा तू मारल्यास?"

"हाव जी."

"चुकलंय असं वाटलं का?"

"नाही जी. बरोबर होतं ते."

"मग वेळ संपला म्हणून गडबडीत?"

"वेळ होता. पंधरा मिनिटं उरली होती. म्हणून म्या बसून मोजून पाह्यलं."

समोरच्या मैदानातून नवीन वर्षाची पोरं चालली होती. सर आत वर्गात होते आणि आतून खडूचा आवाज येत होता. मी तिचा हात धरला. तो गरम होता, नेहमीच्या माणसाच्या हातासारखा.

"काहून गं?" मी तिच्याच भाषेत विचारलं. "काहून खोडलं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. गावात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट एखादा पाहुणा विचारतो तेव्हा बघतात तसं, जरा कीव येऊन.

"जास्त होऊन राहिले होते, मॅडम."